आधी ‘सेव्ह’वरचा हात काढा

जुन्या कॉम्प्युटरवरची मराठी फाइल नव्या मशीनवर उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसला, की निकाल लागायला वेळ लागत नाही. ‘करप्ट झालीय.’ दुरुस्तीवाला म्हणतो, हेडक्लार्क म्हणतो, संपादकही म्हणतात. पाठोपाठ दुसरा निकाल : ‘उडवा, नव्यानं टाइप करून घेऊ.’ नव्यानं कुणीही टाइप करत नाही. दिवाळी अंकाचा आख्खा मजकूर जातो, ग्रंथालयाची सूची जाते, पतसंस्थेची इतिवृत्तं जातात, तालुक्याच्या साप्ताहिकाचे जुने अंक जातात.

यातल्या बहुतेक फाइलींना काहीही झालेलं नसतं. मजकूर शाबूत असतो. तो दाखवणारी व्यवस्था तेवढी बदललेली असते. दुखणं सेटिंगचं आणि मृत्यूचा दाखला फाइलच्या नावानं, असा हा प्रकार मराठीत वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललाय. मला त्याचा राग येतो आणि तो लपवायचं काही कारण दिसत नाही.

आज जरा तांत्रिक बोलायचंय. कंटाळा करू नका, तुमच्याच कपाटातल्या सीडींचा प्रश्न आहे.

पहिलं काम, पडद्यावर काय दिसतंय ते नीट बघणं. मोडलेली मराठी एकाच तऱ्हेनं मोडत नाही आणि प्रत्येक तऱ्हेचा इलाज वेगळा. रिकामे चौकोन दिसत असतील तर अक्षर कोणतं ते कॉम्प्युटरला कळलंय, पण ते काढून दाखवणारा फाँट त्याच्याकडे नाही. फाँट घाला, काम झालं.

दुसरी तऱ्हा : डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चार शेपट्यांचं एक गोल चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह, मग आणखी काहीतरी, की पुन्हा तोच ए. अशी रांगच्या रांग. ही ओळख पक्की लक्षात ठेवा, कारण इथं मजकूर शंभर टक्के जिवंत आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ या पद्धतीनं साठवताना तीन बाइट घेतं आणि त्या तिनातला पहिला सगळ्या अक्षरांना सारखाच असतो. ज्या प्रोग्रॅमला हे ठाऊक नाही तो तीन बाइट म्हणजे तीन युरोपीय अक्षरं समजून चालतो. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडली की हमखास हेच होतं. मतदार यादी असो नाहीतर सभासदांची यादी, लोक ती बघून हबकतात. ती फाइल सेव्ह न करता बंद करा. कोरं एक्सेल उघडा, डेटा टॅबमध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट’ घ्या आणि फाइल ओरिजिनच्या यादीत ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. नावं जिथल्या तिथं येतात.

तिसरी तऱ्हा वाईट. अक्षराच्या जागी सरळ प्रश्नचिन्ह. एकापुढं एक, शब्दाच्या लांबीइतकी. इथं दाखवण्यात गडबड झालेली नाही, साठवतानाच मजकूर गेलाय. ज्या खोक्यात मराठी मावत नव्हती त्या खोक्यात ती घातली आणि खोक्यानं प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहून ठेवलं. जगातला कुठलाही कन्व्हर्टर त्यातून मूळ शब्द काढू शकत नाही. फाँट बदलून उपयोग नाही, सेटिंग बदलून उपयोग नाही. बॅकअप शोधा, कागद शोधा.

हे होतं कसं? जुन्या नोटपॅडमध्ये मराठी लिहिली आणि ‘आन्सी’ म्हणून सेव्ह केली की झालं. नोटपॅड तेव्हाही बजावायचं की युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांना सामावणाऱ्या मानकातली, अक्षरं जातील. ती सूचना इंग्रजीत यायची आणि लोक ओके दाबून मोकळे व्हायचे. २०१९च्या मे महिन्यातल्या विंडोज १०पासून नोटपॅड आपण होऊन यूटीएफ-८मध्ये सेव्ह करतं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. याहून मोठं नुकसान डेटाबेसांत झालंय. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये मराठी ठेवायची तर रकाना सहसा एनव्हारकार या प्रकारचा लागतो, आणि मजकूर आत घालताना अवतरणचिन्हाच्या आधी एक कॅपिटल एन लिहावा लागतो. एक अक्षर! प्रोग्रॅमरनं ते गाळलं की भरलेलं नाव आत जाता जाता प्रश्नचिन्ह होतं. एका गृहनिर्माण संस्थेच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये माझ्या ओळखीच्या एका आजींचं नाव असं नऊ प्रश्नचिन्हांचं झालं होतं आणि तशीच पावती छापून त्यांच्या हातात दिली होती. पावती देणाऱ्यानं सांगितलं, ‘मावशी, सिस्टिमला मराठी येत नाही.’ सिस्टिमला मराठी उत्तम येते. ती प्रणाली लिहिणाऱ्यानं आणि पैसे देऊन विकत घेणाऱ्यानं एकदाही मराठी नाव घालून, परत बाहेर काढून बघितलं नव्हतं. पाच मिनिटांची ही चाचणी न करता सॉफ्टवेअर ताब्यात घेणाऱ्या प्रत्येक पदाधिकाऱ्याला याचा जाब विचारला पाहिजे.

आता चौथी तऱ्हा, सगळ्यात मोठी, आणि खास आपली. इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

१९९०च्या दशकात कॉम्प्युटरवर एका अक्षराला एक बाइट मिळे आणि एका बाइटमध्ये २५६ जागा. निम्म्या जागा इंग्रजी, आकडे आणि विरामचिन्हांनी धरलेल्या, उरलेल्या पश्चिम युरोपच्या भाषांनी. मराठीला घर नव्हतंच. मग फाँट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे आणून बसवले. कृतीदेव फाँटात के या अक्षराच्या घरात काना आहे, जेच्या घरात र आहे. त्या फाँटात ‘मराठी’ हा शब्द लिहिला की फाइलमध्ये प्रत्यक्षात साठवलं जातं ते स्मॉल ई, जे, के, कॅपिटल बी आणि स्मॉल एच. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. फाँट आहे तोवर डोळ्यांना मराठी दिसते. फाँट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडतं.

ही युक्ती करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. त्या तुकड्यांच्या जोरावरच मराठी छपाई खिळ्यांमधून कॉम्प्युटरवर आली. भारतीय मानक ब्यूरोचं इस्की हे मानक होतं, १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकानं ते प्रसिद्धही झालं. पण इस्कीत अक्षर साठवलं जातं, त्याचं अर्धं रूप, रफार, वेलांटीची जागा हे सगळं प्रोग्रॅमनं जुळवायचं असतं. पानं लावायच्या पेजमेकर या प्रोग्रॅमला ते जुळवता येत नव्हतं आणि छापखान्याला उद्या सकाळी अंक हवा होता. म्हणून तुकड्यांचे फाँट चालले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती, सी-डॅकचे डीव्हीबी-टीटी या अक्षरांनी सुरू होणारे योगेश आणि सुरेख. अडचण अशी, की कोणता तुकडा कुठल्या घरात बसवायचा हे प्रत्येकानं आपापलं ठरवलं. एकाचा फाँट दुसऱ्याच्या मजकुराला लावला की एका चिवड्याचा दुसरा चिवडा होतो. सरकारी कार्यालयांची खरेदी मोठी होती. ‘मजकूर आत कोणत्या संकेतांत साठवणार?’ एवढा एक प्रश्न निविदेत असता, तर सगळ्यांना एका वाटेवर आणण्याची ताकद त्या खरेदीत होती. तो प्रश्न आजही किती निविदांत असतो, हे ज्यानं त्यानं आपल्या कार्यालयात बघावं.

अशी चिवड्याची फाइल समोर आली की लोक काय करतात? भाषा बदलायला धावतात. कंट्रोल पॅनेल, रीजन, जुन्या प्रोग्रॅमांसाठीची भाषा, आणि तिथं निवडायची ‘मराठी’. हा सल्ला सर्रास दिला जातो. सरळ चुकीचा आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

विंडोजमधली ‘युनिकोड नसलेल्या प्रोग्रॅमांची भाषा’ ही सोय काय करते, तर जुन्या प्रोग्रॅमला कोणतं कोडपेज द्यायचं ते ठरवते. कोडपेज म्हणजे त्याच २५६ जागांचा नकाशा. रशियनला असा नकाशा आहे, अरबीला आहे, थाईला आहे. मराठीला मायक्रोसॉफ्टनं तो कधी दिलाच नाही. विंडोजमध्ये मराठी पहिल्यापासून फक्त युनिकोडमध्ये आहे. मायक्रोसॉफ्टच्या भाषांच्या कोष्टकात तिच्यापुढं कोडपेजच्या रकान्यात शून्य लिहिलंय. आणि आपले जुने फाँट तर १२५२ या पश्चिम युरोपीय कोडपेजच्या घरांत बसलेले. तेव्हा जुन्या मराठी प्रोग्रॅमला नीट चालायला इंग्रजीच लागतं. इंग्लिश (इंडिया) चालेल, इंग्लिश (युनायटेड स्टेट्स) चालेल. मराठीच्या अभिमानापोटी तिथं मराठी निवडण्यानं मराठीचंच नुकसान होतं.

याच खिडकीत २०१८पासून एक नवी चौकट आलीय : जगातल्या सगळ्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरा, बीटा. वाचायला किती छान! कुणीतरी उत्साहानं तिथं टिक करतं, मशीन रीस्टार्ट होतं आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला हिशेबाचा किंवा पत्रलेखनाचा मराठी प्रोग्रॅम काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह दाखवायला लागतो. कारण १२८च्या वरच्या घरांतले सुटे बाइट यूटीएफ-८च्या नियमात बसत नाहीत आणि विंडोज ते बाद ठरवतं. या अवस्थेत त्या प्रोग्रॅममध्ये नोंद उघडून सेव्ह केली तर बाद ठरलेलं कायमचं बाद होऊ शकतं. ती टिक काढा. रीजन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, चेंज सिस्टिम लोकेल, तिथं इंग्रजी ठेवा, चौकट रिकामी करा, रीस्टार्ट. मग प्रोग्रॅम उघडा. त्याआधी काही सेव्ह करू नका.

एक्सपीची मशीनं अजून चालू आहेत, गावोगावच्या छापखान्यांत आहेत. मायक्रोसॉफ्टनं त्याचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ला बंद केला, पण पेजमेकर त्यावर, मराठी पॅकेज त्यावर, आणि पॅकेजचं लॉक प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लावलेलं. या मशीनवर कुणी युनिकोड मराठी मजकूर आणून दिला की वेगळंच दिसतं. वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडते, जोडाक्षरं पाय मोडून एकेकटी उभी राहतात. मजकूर पाठवणाऱ्याला दोष दिला जातो. दोष त्याचा नाही. एक्सपी इंग्रजीत बसवताना गुंतागुंतीच्या लिप्यांच्या फाइली आपोआप येत नव्हत्या. रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये लँग्वेजेस नावाचा टॅब आहे, तिथं कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फाइली बसवण्याची चौकट आहे. तिच्यावर टिक केली की मशीन एक्सपीची मूळ सीडी मागतं. सीडी नसेल तर कुणाकडून तरी तिच्यातलं आय-३८६ हे फोल्डर मिळवा. अशा मशीनला इंटरनेट मात्र जोडू नका.

अलीकडेच एका छापखान्यात बसलो होतो. एका ग्रामीण वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचा मजकूर हवा होता. वर्डची जुनी फाइल होती, सीडीवर. ऑपरेटर ताईंनी नव्या मशीनवर उघडली आणि म्हणाल्या, ‘काका, ही गेली.’ मालकांनीही मान हलवली.

‘ताई, मजकुरावर क्लिक करा आणि वर फाँटच्या चौकटीत काय लिहिलंय ते वाचा.’

चौकटीत डीव्हीबी-टीटी सुरेख लिहिलेलं होतं. वर्डचा हा फार मोठा गुण आहे. फाँट मशीनवर नसला तरी फाइल त्याचं नाव विसरत नाही. चिवड्यातले आकडे मात्र स्वच्छ दिसत होते, स्थापनेचं साल, सभासदसंख्या, देणगीच्या रकमा. त्या फाँटात आकडे आकड्यांच्याच जागी ठेवलेले. ताईंनी कोपऱ्यातलं जुनं मशीन सुरू केलं, विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून सुरेखची फाइल घेतली, नव्या मशीनवर बसवली, वर्ड बंद करून पुन्हा उघडलं. पहिल्या पानावर संस्थापकांचं मनोगत उभं राहिलं, ऱ्हस्व-दीर्घासकट. ताईंनी ते मोठ्यानं वाचलं. कोण म्हणतं तांत्रिक कामात आनंद नसतो?

पण तिथंही एक गोष्ट मी आधी बंद करायला लावली : ऑटोकरेक्ट. जुन्या फाँटातला मजकूर वर्डच्या लेखी इंग्रजी असल्यामुळे ते त्याला इंग्रजी व्याकरण लावायला बघतं. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतं, सरळ अवतरणचिन्हं वळणदार करतं. आणि अनेक फाँटांत कॅपिटल म्हणजे वेगळंच मराठी अक्षर, अवतरणचिन्ह म्हणजे अक्षराचा तुकडा. कृतीदेवमध्ये एकेरी सरळ अवतरणचिन्हाच्या घरात अर्धा श आहे. तिथं दुरुस्ती करायला बसलात आणि वर्डनं ते चिन्ह वळवलं, की तुमचा ‘शब्द’ बिघडला. म्हणून ऑटोकरेक्टच्या सगळ्या टिका काढायच्या, मजकूर निवडून त्याला शुद्धलेखन तपासणी नको असं सांगायचं आणि मगच हात लावायचा. मूळ फाइलला तर नाहीच. आधी तिची प्रत, मग प्रतीवर काम.

फाँट बसवून वाचता येणं ही अर्धी वाट झाली. असा मजकूर शोधता येत नाही, मोबाइलवर पाठवता येत नाही, गूगलला सापडत नाही. पीडीएफ करून ठेवली तर दिसायला सुरेख, आणि तीतला परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की पुन्हा तोच चिवडा. स्कॅन करून ‘डिजिटायझेशन झालं’ असं सांगणाऱ्या संस्थांनी कागदाचे फोटो काढलेत, एवढंच. मजकूर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय काम संपत नाही.

कन्व्हर्टर बरेच आहेत, फुकटही आहेत. पण कन्व्हर्टरवर आंधळा विश्वास ठेवल्याचे परिणाम मराठी वेबसाइटांवर ढीगभर बघायला मिळतात. ‘स्थिती’चं ‘सि्थती’, ‘व्यक्तिगत’चं ‘व्यकि्तगत’, ‘कोर्ट’चं ‘कोटर्’, ‘पार्टी’चं ‘पाटीर्’. वाचणारे समजतात की लिहिणाऱ्याला शुद्धलेखन येत नाही. लिहिणाऱ्यानं बरोबरच लिहिलं होतं. जुन्या फाँटात अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवली जात : ऱ्हस्व वेलांटी आधी, मग व्यंजन. रफार सगळ्यात शेवटी, कारण हातानं आपण तो शेवटी काढतो. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम आहे : वेलांटी पूर्ण जोडाक्षराच्या नंतर, रफाराचा र जोडाक्षराच्या आधी. कन्व्हर्टरनं वेलांटी अख्ख्या ‘स्थ’वरून उचलून पलीकडे नेली पाहिजे. आळशी कन्व्हर्टर ती फक्त अर्ध्या स-पलीकडे नेतो आणि तिथंच सोडून देतो.

हे पकडायला फार अक्कल लागत नाही. शुद्ध मराठी मजकुरात ऱ्हस्व वेलांटीच्या लगेच पुढं हलन्त कधीही येत नाही. ही जोडी ‘फाइंड’मध्ये टाका. इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्या एफ आणि डी या कळा. जितक्या सापडतील तितक्या चुका. दुसरा शोध : शब्दाच्या शेवटी, मोकळ्या जागेच्या आधी आलेला पायमोडका र. मराठीत असा शब्द सहसा नसतो, म्हणजे तो भरकटलेला रफारच. एवढे दोन शोध लावूनही ‘कोटर्’ छापणाऱ्यांना माफी नाही.

तिसरी जागा अवघड आहे. अर्धा र, ऱ्य आणि ऱ्ह मधला. हिंदीच्या हिशेबानं केलेले कन्व्हर्टर तो ओळखत नाहीत आणि सरळ रफार करून टाकतात. सह्याद्रीच्या दऱ्यांचा मग दर्या होतो. इथं कुठलाही आपोआप शोध पुरा पडत नाही, कारण दर्या हाही शब्द आहेच. जुना छापील अंक शेजारी ठेवून माणसानंच वाचायला हवं. वर, हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला गेलाय. कुणी ऱ आणि हलन्त वापरला, कुणी साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, शोधायला वेगळे. तीच गत ॲची. युनिकोडनं ॲ हे अक्षर २००८ साली घेतलं, त्याआधीचे लोक अ-वर चंद्र चढवून काम चालवत. ‘ॲड.’ असा शोध घातला तर जुन्या यादीतले निम्मे वकील सापडत नाहीत. जी संस्था मोठा साठा युनिकोडमध्ये आणतेय तिनं एक रूप ठरवावं, सगळीकडे तेच करावं आणि ठरवलेलं कुठंतरी लिहून ठेवावं.

मजकूर इनडिझाइन या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये नेल्यावर जोडाक्षरं फुटली तर लगेच कन्व्हर्टरला शिव्या देऊ नका. पॅराग्राफच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलाय का ते आधी बघा. आणि वेबसाइट करणाऱ्यांनो, पानाची भाषा हिंदी किंवा इंग्रजी अशी नोंदवून ठेवू नका. ज्या फाँटांत ल आणि श यांची दोन्ही वळणं असतात, ते पान मराठीत आहे हे कळल्यावरच मराठी वळण दाखवतात. राज्य सरकारनं २००९ साली शासन निर्णय काढून लिपीची प्रमाण रूपं सांगितली, त्यात हा ल आणि श आहे. एका सेटिंगचं काम आहे. विंडोज २०००बरोबर आलेला मंगल फाँट र. कृ. जोशी या मराठी माणसानं घडवलेला. त्या पिढीनं लिपी कॉम्प्युटरच्या आत नेऊन पोचवली, आपल्याला निदान भाषेच्या यादीतून योग्य नाव निवडता यावं.

खर्चाचं बोलू. फाँट शोधणं, प्रत काढणं, कन्व्हर्ट करणं, ते दोन शोध, मग मुद्रितशोधन. एका जाणत्या ऑपरेटरचं आणि एका चांगल्या वाचकाचं हे काम आहे. वर्धापनदिनाच्या मांडवावर पैसे उडवणाऱ्या संस्थांना ते नक्की परवडतं. साहित्य संस्थांनी, प्रकाशकांनी, जिल्हा ग्रंथालयांनी अंदाजपत्रकात यासाठी एक ओळ घालावी. आणि घाई करावी, कारण कोणत्या फाइलला कोणता फाँट लागतो हे डोळ्यांनी ओळखणारे ऑपरेटर आता निवृत्त होताहेत.

तोवर एवढं कराच. जुनं मशीन भंगारात द्यायचं ठरलंय? आधी त्यातलं विंडोजचं फाँट्स फोल्डर पूर्ण कॉपी करून घ्या, त्यातले नावावरून परके वाटणारेही सगळे. पेजमेकरच्या फाइलींतला मजकूर तिथंच, त्याच मशीनवर, टेक्स्ट म्हणून बाहेर काढा आणि प्रत्येक फाइलच्या नावात फाँटचं नाव लिहा, कारण साध्या टेक्स्ट फाइलला फाँट आठवत नाही. मशीन विंडोज ९८चं असेल तर ते बहुधा पेन ड्राइव्ह ओळखणार नाही, त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो. तो शोधत बसू नका. हार्ड डिस्क काढा, आयडीई ते यूएसबी जोडणी बाजारात मिळते, ती लावून नव्या मशीनवर सगळं उतरवून घ्या. मग मशीन खुशाल द्या. डिस्क देऊ नका.